घोडं मेलं ते ओझ्यानं?

आपल्याकडं एक म्हण आहे. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. ही म्हण वापरणाऱ्याला बहुधा घोड्याशी काही देणंघेणं नसतं. तो माणसांबद्दल बोलत असतो. पण ज्यांच्या दारात खरोखरच घोडा बांधलेला होता, अशा एखाद्या म्हाताऱ्या टांगेवाल्याला ही म्हण ऐकवा. तो मान हलवील आणि म्हणेल, ‘ओझ्यानं घोडा थकतो हो, मरतो तो पुष्कळदा पोटानं.’ आज मला या पोटाबद्दल बोलायचं आहे. टांग्याला, छकड्याला जुंपलेल्या घोड्याच्या पोटातले जंत, हा माझा विषय आहे. विषय ऐकून कुणी नाक मुरडू नये. इतिहास म्हटलं की आपण घोड्यावर कोण बसलं होतं ते सांगतो. घोड्याच्या आत कोण बसलं होतं, तेही कधीतरी सांगायला हवं.

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतचं. जनावरांचा डॉक्टर नाही. पण माझं गाव माहूर, आजोळ नांदेडचं आणि आजोळी टांगा होता. त्यामुळं हा विषय माझ्याकडं पुस्तकातून आला नाही. पुस्तकं नंतर आली.

माहूर म्हटलं की रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचं देऊळ, सोनापीरचा दर्गा डोळ्यांसमोर येतो. पैनगंगेच्या वळणावरचं, पळसाच्या आणि सागाच्या रानातलं हे गाव एके काळी सरहद्दीचं ठाणं होतं. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान यानं सुभ्यांची फेररचना केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पाडले. एक गाविलचा, दुसरा माहूरचा. सरहद्दीचं ठाणं म्हणजे फौज, आणि त्या काळी फौज म्हणजे घोडा. दख्खनमध्ये चांगला घोडा समुद्रावरून यायचा, अरबस्तानातून, इराणातून. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि पुढं परत दिला. निकितिन तिथून बिदरला पोचला. आळंदच्या दर्ग्याच्या उरुसात घोड्यांचा मोठा बाजार भरतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. एक घोडा विकण्यासाठी परका व्यापारी समुद्र ओलांडून दख्खनपर्यंत येतो, यावरून घोड्याची किंमत ओळखावी.

एवढ्या किमतीचं जनावर म्हटल्यावर त्याचा वैद्यही आला. संस्कृतात अश्ववैद्यकाचं शास्त्र शालिहोत्र ऋषींच्या नावानं चालत आलं. पुढं या शास्त्राची फारसीत भाषांतरं झाली आणि त्या ऋषींच्या नावाचाच उर्दूत ‘सलोतरी’ झाला. सलोतरी म्हणजे घोड्यांचा वैद्य. इंग्रजांच्या पलटणीतसुद्धा देशी घोडेवैद्याला हाच शब्द होता. एका ऋषीचं नाव मुसलमान नालबंदाच्या आणि गोऱ्या साहेबाच्या तोंडी धंद्याचं नाव होऊन बसलं, याची मला मोठी गंमत वाटते. घोड्यानं माणसं आणि भाषा अशा एकत्र आणल्या.

घोड्याच्या आजारांचेही शब्द असेच प्रवासाला गेले. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर जखमा होतात, चिघळतात आणि थंडी पडली की बऱ्या होतात. आपल्या लोकांनी त्याला ‘बरसाती’ म्हटलं. इंग्रज घोडेडॉक्टरांनी तो शब्द तसाच उचलला आणि त्यांच्या ग्रंथांत नेला. रक्तातल्या सूक्ष्म जिवामुळं होणारा ‘सुरा’ हा रोग १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी डॉक्टरनं डेरा इस्माईल खान इथं ओळखला. इंग्रजी शब्दकोश त्या नावाचं मूळ मराठी सांगतात, नाकातून सूंसूं चालणारा श्वास. घोड्याची कंबर लुळी पडते ती ‘कमरी’. आणि पोटात कळा येऊन घोडा लोळायला लागतो ती ‘कुरकुरी’. हकिमांच्या पुस्तकात तिला ‘कुलंज’ म्हणतात, आणि इंग्रजी ‘कॉलिक’ व आपला हा कुलंज दोघंही एकाच ग्रीक शब्दाची लेकरं आहेत.

आता यातली खरी गोष्ट ऐका. बरसाती, कमरी आणि कुरकुरी हे तिन्ही शब्द ज्या काळात रूढ झाले, त्या काळात कुणालाही ठाऊक नव्हतं की तिन्हींच्या मागं पुष्कळदा जंत असतात.

बरसातीचं कोडं फार वर्षं सुटत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा उलगडा होत गेला. घोड्याच्या जठरात एक बारीक जंत राहतो. त्याची पिल्लं लिदीतून बाहेर पडतात. लिदीत माश्यांच्या अळ्या वाढत असतात, त्या ही पिल्लं गिळतात. अळीची माशी होते आणि ती घोड्याच्या ओठावर बसली की पिल्लू पुन्हा पोटात जातं. ती जखमेवर बसली तर पिल्लू जखमेत शिरतं, आणि बरसाती होते. काही बरसाती जखमा पाण्यातल्या बुरशीसारख्या एका जिवामुळंही होतात, हे पुढं कळलं. कमरीचा जंत तर मुळात घोड्याचा नाहीच. तो गाईबैलांच्या पोटाच्या पोकळीत सुखानं राहतो. डास त्याची पिल्लं घोड्यापर्यंत नेतो, आणि परक्या घरात वाट चुकलेलं ते पिल्लू घोड्याच्या पाठीच्या कण्यात शिरतं.

कुरकुरीचा उलगडा त्याआधी, १८७० साली झाला. ओटो बोलिंगर या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की घोड्याच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीतच एका जंताची पिल्लं मुक्काम ठोकतात. धमनी सुजते, फुगते, आत रक्ताच्या गुठळ्या होतात. गुठळी सुटून पुढं अडकली की आतड्याचा तेवढा भाग उपाशी पडतो, आणि घोडा जमिनीवर लोळायला लागतो. मोठा झालेला हा जंत दोन-अडीच सेंटिमीटरचा. लिदीतून अंडी पडतात, ओलाव्यात त्यांची पिल्लं होतात, दव पडलेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि गवताबरोबर पोटात जातात. तिथून धमनीत आणि परत आतड्यात, असा त्यांचा सहा-सात महिन्यांचा फेरा असतो. दुसरा एक जंत शिंगरांच्या पोटात फूटभर लांब वाढतो. त्याची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे म्हणीतलं शिंगरूसुद्धा नुसत्या येरझाऱ्यानं मरत नव्हतं.

आणखी एक पाहुणा आहे. मधमाशीसारखी दिसणारी एक केसाळ माशी घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांना पिवळी अंडी चिकटवते. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडात जातात आणि जठराला चिकटून आठ-दहा महिने राहतात.

हे वाचल्यावर मला जुन्या पागांकडं नव्यानं बघावंसं वाटलं. रोजचा खरारा कशासाठी? आपण म्हणतो, अंग चकाकावं म्हणून. पण पायांना खरारा केला की त्या माशीची अंडीही निघतात. तोंडाला तोबरा कशासाठी? दाणा सांडू नये म्हणून. पण तोबऱ्यातली हरभऱ्याची चंदी लिदीच्या जमिनीला लागत नाही, हा फायदा त्यातच आला. लीद रोज उचलायची, ती दूर ढीग करून मुरवायची. ढिगातल्या उष्णतेनं अंडी आणि पिल्लं मरतात. मोतद्दाराला सूक्ष्मदर्शक माहीत नव्हता. पण पिढ्यानपिढ्या घोडा जगवताना हाताला जे वळण लागलं, त्यात पुष्कळ शहाणपण होतं. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण बेतानं वापरा, पावसाळ्यात ती संपली तर घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा आशय आहे. घोड्याची फिकीर ही राज्याची फिकीर होती.

औषधंही होतीच. वावडिंग, कडू जिरं, किरमाणी ओवा, पळसपापडी. कडू जिऱ्याच्या शास्त्रीय नावातच ‘जंतांवरचं’ असा अर्थ आहे. पळसपापडी म्हणजे पळसाचं बी. माहूरच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडावर पळस फुलतो तेव्हा आम्ही कवी लोक त्या रंगावर ओळी लिहितो. त्याच झाडाचं बी शेंगेत भरायला लागलं की वैदूंची नजर त्यावर जाते. एकाच झाडाकडं पाहण्याच्या या दोन तऱ्हा.

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराचा घोडा मेला तर दुसरा मिळे. शिलेदाराचा मेला तर त्याची रोजीच गेली. माझ्या मते आपला टांगेवाला हा शेवटचा शिलेदार. फौजा गेल्या, जहागिरी गेल्या, आगगाडी आली. स्टेशनाबाहेर टांगे उभे राहिले, आणि घोड्याची सगळी जोखीम एका गरीब माणसाच्या अंगावर आली.

सरकारनं घोड्यासाठी काही केलंच नाही असं नाही. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढं हिमालयात मुक्तेश्वरला गेली. १८९९ साली ब्रिटिश हिंदुस्थानात घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाचा कायदा झाला, १९१० साली डूरीन रोगाचा झाला. हे साथीचे रोग. ग्लँडर्स तर माणसालाही होतो. कायदा हवाच होता. पण साथीचा रोग पलटणीच्या तबेल्यात शिरतो, म्हणून सरकार जागं होतं. जंत कुणालाही जागं करत नाही. तो घोड्याला एकदम मारत नाही; त्याची चंदी खातो, त्याचं रक्त पितो, बरगड्या वर काढतो, पोट सुटवतो आणि मालकाला वाटतं, घोडा म्हातारा झाला. १९३५ साली जी. डी. भालेराव यांनी हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांच्या जंतांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आडनाव वाचून मला बरं वाटलं. पण तो ग्रंथ नांदेडच्या टांगा स्टँडपर्यंत पोचायला कुठली वाटच नव्हती.

स्वतंत्र भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध कायदा झाला. १९६५ च्या नियमांनी ठरवून दिलं की ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त जुंपू नये, सलग पाच तासांहून जास्त चालवू नये, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जुंपू नये. नियम चांगले आहेत. पण बघा, ते सगळे ओझ्याचे आणि उन्हाचे आहेत. कायदाही म्हणीसारखाच. त्यालाही घोड्याच्या पाठीवरचं दिसतं, पोटातलं दिसत नाही.

माझे थोरले मामू नांदेडला टांगा हाकत. स्टेशन ते गुरुद्वारा, गुरुद्वारा ते जुना मोंढा. त्यांची घोडी कुमाईत रंगाची होती, माळेगावच्या यात्रेतून आणलेली, बँकेच्या कर्जावर. मामू तिला ‘बेटी’ म्हणत. १९८० च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिनं चंदी सोडली. पुढच्या खुरानं जमीन उकरायला लागली, मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडं बघायला लागली, मग आडवी पडून लोळायला लागली. रात्रभर मामू आणि शेजारचे दोघं तिला उठवून फिरवत राहिले. हिंग पाजला, ओवा पाजला. पहाटेच्या अजानच्या आधी ती गेली. मोहल्ल्यात लोक म्हणाले, यात्रेकरू जास्त बसवत होता, ओझ्यानं मेली. कुणी म्हणालं, नजर लागली. विमा उतरवलेला होता म्हणून सरकारी डॉक्टर आले आणि त्यांनी तिचं पोट उघडलं. आम्ही पोरं लांबून बघत होतो. डॉक्टर मामूंना जवळ बोलावून म्हणाले, ‘मियाँ, तुमच्या ओझ्यानं नाही गेली ही. जंतांनी गेली.’

मामूंनी ते वाक्य आयुष्यभर जपलं. कुणी विचारो न विचारो, ते सांगत, ‘डॉक्टरसाहेब खुद बोले, बोझे से नहीं मरी.’ आपल्या हातून बेटी मेली नाही, याचा तो दाखला होता. पण दाखल्यानं घर चालत नाही. विम्याचे पैसे कर्जात वळते झाले. टांगा विकला. मामू एका जिनिंगवर रखवालदार झाले. त्यांच्या थोरल्या मुलीची, माझ्या आपाची, शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. दोन-अडीच सेंटिमीटरचा जंत. त्याचा हिशेब कुठं कुठं जाऊन पोचतो, तो असा.

आणि दैवाचा खेळ पहा. त्याच काळात जगात दुसरीकडं या जंतावरचं सर्वांत प्रभावी औषध तयार होत होतं. त्याआधी १९४० च्या आसपास फेनोथायझिन आलं होतं, १९६१ साली थायाबेंडाझोल आलं. पण जंत या औषधांना सरावत गेले. सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञानं गोल्फच्या मैदानाजवळची मूठभर माती तपासली, तिच्यातल्या एका जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध काढलं आणि १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आलं. नाव आयव्हरमेक्टिन. धमनीत लपलेल्या पिल्लांपर्यंत पोचणारं औषध.

यातली घोड्याची कामगिरी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. घोड्याच्या मानेत एक जंत राहतो, त्याची पिल्लं कातडीत फिरतात. हे औषध त्या पिल्लांना मारतं, असं दिसलं. त्या जंताचा एक भाऊबंद आफ्रिकेत माणसाच्या कातडीत राहतो आणि माणसाला आंधळं करतो. नदीकाठच्या गावांतून पसरणारा हा रोग, म्हणून त्याला नदीचं आंधळेपण म्हणतात. घोड्यावर चालतं ते माणसावर चालेल का, असं कॅम्पबेल यांनी सुचवलं. आजच्या बांगलादेशात जन्मलेले डॉ. मोहम्मद अझीझ यांनी १९८१ साली सेनेगलमध्ये डाकार इथं माणसांवरच्या पहिल्या चाचण्या केल्या. औषध चाललं. १९८७ साली मर्क कंपनीनं ते या रोगासाठी लागेल तितकं फुकट द्यायचं जाहीर केलं. पुढं कोट्यवधी माणसांनी ते घेतलं. आपल्याकडं हत्तीरोगाच्या मोहिमेतही काही जिल्ह्यांत इतर दोन गोळ्यांबरोबर हीच गोळी दिली जाते. २०१५ साली ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर तो मान वाटून घेणाऱ्या तू योयो यांनी हिवतापावरचं औषध शोधलं ते आपल्या किरमाणी ओव्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीतून. ज्या जनावराच्या पोटाकडं कुणी पाहिलं नाही, त्याच्या कातडीनं माणसाचे डोळे वाचवले. या उपकाराची परतफेड आपण केली का?

आज देशात घोडे झपाट्यानं कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत सुमारे तीन लाख चाळीस हजार उरली. मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयानं २०१५ साली बेकायदा ठरवल्या. उरलेला कष्टाचा घोडा वीटभट्टीवर आहे, वरातीत आहे, यात्रेच्या वाटेवर आहे. परभणीला १९७२ पासून आणि उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. औषध आता कुठल्याही दुकानात मिळतं. पण नवं संकट तिथंच आहे. मालक अंदाजानं औषध देतो. वजन न बघता, तेच तेच, कमी मात्रेत. जे जंत त्यातून वाचतात, त्यांची प्रजा त्या औषधाला दाद देत नाही. शिंगरांतल्या लांब जंतानं आयव्हरमेक्टिनला दाद न दिल्याची नोंद २००२ साली युरोपात झाली. गोल जंतांसाठी घोड्याला देता येईल असा औषधाचा नवा वर्ग १९८१ नंतर आलेला नाही. म्हणजे भात्यातला शेवटचा बाण आपण उधळतो आहोत.

म्हणून डॉक्टर आता सांगतात की आधी लीद तपासा. चिमूटभर लिदीत अंडी किती, ते मोजा. दहा घोड्यांत दोन घोडेच बहुतेक अंडी टाकतात. औषधाची खरी गरज त्यांना असते. औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, म्हणजे औषध लागू पडलं की नाही ते कळतं. खर्च म्हणावा तर एक सूक्ष्मदर्शक, थोडं मिठाचं पाणी आणि मोजणारा एक माणूस.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. खंडोबा घोड्यावरचा देव. त्याला मल्लूखान म्हणणारेही आहेत. तिथं घोडा घेणारा आधी घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, मग खूर बघतो, भोवरा बघतो, चाल बघतो. दात बघणारे हजार असतात. लीद बघणारं एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक त्या बाजारात कायमचा मांडला, आणि विकलेल्या घोड्याच्या पावतीबरोबर ते एवढंसं मोजमापही मालकाच्या हातात दिलं, तर एखाद्या घरातली एखादी शाळा सुटायची वाचेल. घोडा तर वाचेलच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)